माता रुसली ते साल

अहो, तुम्हीच सांगा, रोग आला नाही म्हणून कुणी रडतं का? गोवर निघाला की आमच्याकडे माता आली म्हणतात, दाराला कडुलिंब बांधतात. गोवराच्या सुया सुरू झाल्यावर एका साली एरंडोलकडच्या आमच्या गावात एकाही दाराला लिंब लागला नाही. नर्सबाई खूश, आणि सासू रडकुंडीला.

“बठ्ठा गावमा माता उनी नही. सुईमुये रुसनी शे. धाकलाले टोचू नको!”

“आजी, सुईमुळेच गोवर गेला. म्हणून यालाही टोचायचं,” नर्सबाई म्हणाल्या.

गेला, तर टोचायचं कशाला? माझं डोकंच चालेना. तरी माझ्या धाकल्याला मी नर्सबाईंपुढे धरलं आणि सासूला म्हणाले,

“आत्याबाई, रुसू द्या तिला! राजी होती तेव्हा माझा मोठा घेऊन गेली.”