चंद्रीचं कल्याण

...न्हाय, तुम्हीच सांगा पावणं, गोड बोलून म्हस दूध देती व्हय? हसताय! माझ्या चंद्रीपुढं बसा की एकदा! आवो, पयल्यांदा व्याली तवापासनं "उठ गं सटवे, तुझा मुडदा बशिवला" आसं वरडलं तरच ती पान्हा सोडती, आन् त्याच दुधावर आमची चूल पेटती... रोज सांजंला गंगावेशीच्या चौकात म्हस उभी करायची, गिऱ्हाईकासमोर धार थेट पेल्यात!

तर गुड फ्रायडेच्या आधी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी उपदेश केला. कशावर? जिभेवर! "बंधूंनो, ख्रिस्ती माणसाच्या तोंडून कृपेचे शब्द यावेत..." आन् बघतायत कुणाकडं? माझ्याकडं! घरी आलो तर आमची अंजना, कोडोलीची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती माणसं ती, म्हणती कशी, "आवो, हितनं पुढं एक शिवी कानावर आली, तर मी म्हायेराला गेलो म्हणून समजा!" दिला शब्द. बायकोवर जीव हाय की माझा, खोटं कशाला बोलू?

सांजंला सयाजी पैलवान तालमीतनं पेला घेऊन हजर. मी चंद्रीच्या पाठीवर हात फिरवला, म्हणलं, "चंद्राबाई, जरा दूध द्यायची कृपा करता का?" म्हशीनं मागं वळून बघितलं! थेंब न्हाय! सयाजी म्हणतोय, "आण्णा, कुनी गेलं का रं घरातलं?" म्हणलं, "न्हाय सयाजीराव, आपण बसावं." तर गडी उभाच! "सयाजीराव? बसावं? माझं काय चुकलं त्ये तोंडावर सांग की, आसं परक्यागत का बोलतोस?" डोळ्यात पानी त्याच्या! आता ह्याला काय सांगू? चार दिवस गिऱ्हाईक रिकाम्या पेल्यानं माघारी... गोड बोलून म्हस दूध देती व्हय?

शेवटी अंजनाच म्हणाली, "आवो, शब्द बदला म्हणलं, आवाज कुनी बदलायला सांगितला?" पटलं! दुसऱ्या दिवशी कासंखाली बसलो आन् गल्ली दणाणून सोडली, "चंद्रे! देव तुझं कल्याण करो गं!!" चर्रर्र... पेल्यात फेस! गिऱ्हाईक खूश, अंजना खूश, मी तर आभाळात!

पन कोल्हापूर हाय ह्ये! गल्लीनं उचललं की! सायकल टांग्याला धडकली, "देव तुझं कल्याण करो रं!" नळावर घागरीला घागर लागली, बाया पदर खोचून, "तुझ्या सात पिढ्यांचं कल्याण करो!" मारामाऱ्या झाल्या, मारामाऱ्या!

आन् मी शहाणा, ईस्टरला सयाजीला हौसेनं चर्चला नेला. शेवटी पाळकसाहेबांनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले, म्हणाले, "देव तुमचं कल्याण करो..." सयाजी बाकावर उभा, बाह्या सरसावून! "ए! कुनाला बोलतोस रं?"

कसाबसा आवरला. दारात पाळकसाहेबांनी गाठलंच. म्हणलं, आता काढत्यात चर्चमधनं! तर हात जोडून म्हणत्यात, "आण्णा, तू आपल्या जुन्या शिव्याच दे बाबा, आमचा आशीर्वाद तेवढा सोड." अंजनाकडं बघितलं, तर ती तोंडाला पदर लावून हसतीया! म्हणती, "द्या, पन म्हशीलाच हां!"

सुटलो म्हणलं! सांजंला छाती भरून वरडलो, "उठ गं सटवे, तुझा मुडदा बशिवला!"

...लाथ! पेला तिकडं, मी हिकडं! आता बाईसाहेबास्नी कल्याणच लागतंय! समद्या गल्लीत पाळकसाहेबांचा उपदेश लागला, तो एका म्हशीला...