खडीवरचं बोलणं

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. तेव्हाच्या दुष्काळात दवाखान्याच्या रांगेत बसलेल्या सरजाबाईला शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

“हाडांचा फोटो बघून डाक्टर काय म्हनले, पंचफुला?”

“सांध्यातल्या सुजेनं बोटांची हाडं खाल्ली म्हनं. गोळ्यांनी दुखनं कमी व्हईल, पन वाकडी बोटं सरळ व्हनार न्हाईत.”

“आन् मी म्हनलो, सोंग करती.”

“तुमाला काय ठावं? हाडातलं वरून दिसतंय व्हय?”

“रोज सकाळी तुझी मूठ मिटत न्हवती, ते दिसत होतं की.”

“हळू बोला. मानसं ऐकायलीत.”

सरजाबाईनं तोंड फिरवलं.

“ऐकू दे. दुष्काळी कामावर खडी फोडताना तुला साऱ्या गावासमोर कामचोर म्हनलो, तवा कुठं हळू बोललो?”