ओलं म्हनून काही नसतेच

—हात काढू नका शेटजी, रुमालाखालीच राहू द्या. भाव बोटानंच सांगा, तोंडानं नाई, अख्खा कापूस बाजार कान देऊन बसला हाये. हं, दाबलं तुमी. मधल्या बोटावर. पयले दाब आला, मंग जराशी ऊब, अन् ऊब गेल्यावर गुदगुली — नाई नाई, भाव समजला मले, समजला, पन आधी आतलं सांगितल्याबिगर मले पुढं जाताच येत नाई आता. काहून म्हनता? कालेजातल्या चिंतामणराव प्रोफेसरनं सवय लावली.

तुमी मुंबईच्या गिरणीवाले, तुमाले ठाऊक नसन — अमरावतीत आता मनाचं बी शास्त्र आलं. निघालं तिकडं जर्मन मुलुखात, माह्या बापाच्या तरुणपनी. तिथं एका पंडितानं म्हने त्याच्यासाठी खोल्याच काढल्या, समोर टकटक करनारं यंत्र ठेवलं, मानसं बसवली अन् इचारलं, आत काय होऊन राहिलं ते सांगा. बस, एवळ्यावरून शास्त्र. प्रोफेसरनं मलेच काहून धरलं? तं दलालाची बोटं हुशार, झाकल्या हातानं समजते म्हनून. बाजार थंड होता, मी बी गेलो. रुमालाखाली हात ठेवला, त्यानं सुई टोचली — मी म्हटलं, एवळ्यात परवडत नाई, वाढवा. लय चिडला. म्हने, किसनराव, भाव म्हनू नका, सुई म्हनू नका, वस्तूचं नावच घेऊ नका, वाटलं काय तेवळंच बोला. पावसाळाभर तेच. बाजूले गोवर्धन वकील बसे. एकाच सुईचं तो वेगळं सांगे, मी वेगळं. मंग खरं कोनाचं? प्रोफेसर म्हने दोघांचंही. वकिलाले तं लयच आवडलं ते शास्त्र.

माह्या धंद्याची मात्र वाट लागली. गिऱ्हाइकानं बोट धरलं का मी वर्णन करत बसतो, अन् तो उठून जाते. हंगाम अर्धा सरला, एक सौदा जुळला नाई. तो पाहा, पलीकडं पान खात बसला, तो माहा साळा नत्थुजी. आजचा सौदा मोडला तं उद्यापासून माह्या गादीवर तो बसन — रुख्मिणीनंच ठरवलं, म्हने तुमी घरी बसा अन् काय वाटते ते म्हशीले सांगा. बायकोच ती, पन लागलं मनाले. म्हनून म्हनतो शेटजी, दाबा जरा बरं.

काय झालं? बोट एकदम उतरलं काहून? कापूस ओला? अवो शिकलेले मानूस तुमी. ओलं म्हनून काही नसतेच जी. प्रोफेसरनं माह्या बोटाले पातळ रबर चढवलं अन् थंड पान्यात बुडवलं — बोट आत कोरडं ठनठनीत, अन् मी शपथेवर सांगितलं, ओलं वाटते. म्हनजे काय? गार अन् दाब एका जागी आले का मनच म्हनते ओलं. तुमी बैलबंडीतल्या कापसात हात खुपसला, गार लागलं, वरून कापसाचा दाब. झालं. आत कोरडं असू शकते. असू शकते म्हटलं मी, हाये म्हटलं नाई. कसं हाये, खोटं बोलाले गेलो का मले छातीत इथी आवळते, कानाच्या पाळ्या तापतात — आता बी तापून राहिल्या — अन् डोळ्यासमोर ते पहाटचं येते, बंडीवर नत्थुजी, हातात पान्याची झारी, म्हने भाऊजी, अजून एक मारू का, वजन वाढन, अन् मी म्हनतो, मार—

शेटजी?

दाब गेला. ऊब गेली. रुमालाखाली नुसता माहाच हात हाये. अन् नवल पाहा, छातीतलं आवळनं सुटलं, मोकळं वाटून राहिलं. प्रोफेसरले सांगाले पायजे.

नत्थुजी, पान थुक. ये, बस गादीवर.