निवडुंगांची खोली

ब्रनो शहरातल्या दवाखान्यात दुखरा गुडघा घेऊन पेपर वाचत बसलेल्या राडिमच्या शेजारी दोन बायकांचं बोलणं चाललं होतं.

"क्व्येता, अजून खोकतेस?"

"खोकू नको तर काय करू? नवऱ्याचे निवडुंग हिवाळाभर आमच्या झोपायच्या खोलीत असतात."

"मग हीटर लाव की."

"लावू देईल तर ना. म्हणतो, थंडीत पाण्यावाचून ठेवले, तरच मेमध्ये फुलतात. उबेत नुसतेच लांबुडके वाढतात."

"अगं, पण तू?"

"मीही त्याच खोलीत गारठते, लग्न झाल्यापासून. मला काही अजून फूल आलेलं नाही."

"बाहेर सोफ्यावर झोप."

"झोपले होते. म्हणाला, उबेनं बिघडशील."

राडिमनं पेपर मिटला, लंगडत बाहेर गेला आणि घरी बायकोला फोन लावला.

"यारमिला, झोपायच्या खोलीतला हीटर लाव. आणि माझे निवडुंग जिन्यात नेऊन ठेव."

"तुमचे निवडुंग? जिन्यात?"

"हो. आज तू उबेत झोप."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग यारमिलानं हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले? माझ्यापासून लपवू नका."