कुसुमला कोन सांगनार

मी घनसोली गावची, बाप मिठागरावर राबायचा, मीठ मालकाचं, आमचे नुसते फाटलेले पाय. सातवीपर्यंत शिकले, मंग इकडं कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, तवा एका कंपनीच्या हापिसात शिपाई म्हनून लागले.

तिथं कुसुम नावाची टायपिस्ट आली. मूळची साताऱ्याकडची, नवऱ्याबरोबर वाशीच्या नव्या बिल्डिंगीत राहायची, तेवीस-चोवीसची पोर, बोटं अशी चालायची की बघत राहावं. पन काय सांगू तुमाला, तिच्याजवळ उभं राहवायचं नाय, असा वास. मुताचा. लोकांनी टेबलं सरकवली, खिडक्या उघडल्या, एक दिवस कोनीतरी तिच्या ड्रॉवरमदी साबनाची वडी ठेवली. तिनं बघितली, ड्रॉवर लावला नि परत टाइप करत बसली. मान वर केली नाय.

साहेब मना म्हनाले, द्रौपदीबाई, तुमीच सांगा, मी पुरुष मानूस कसं बोलू, नायतर तिला काढावं लागंल.

दुपारी तिला फायलींच्या खोलीत नेली, दार लावलं. वासाचं तोंडातून काढलंच नाय. म्हटलं, बाय, आंगाला काय त्रास हाय का तुला, मी तुज्या आईसारखी. आदी नाय नाय म्हनाली, मंग पिशवी उघडली. आत जुन्या लुगड्याच्या घड्या, दहा-बारा, निम्म्या भिजलेल्या. म्हनाली, मावशी, मी तीनदा आंघोळ करते हो. बाळंतपनात तीन दिवस अडले, पोर मेलेलं आलं, तवापासून लघवी थांबतच नाय, झोपेत पन नाय. दोन वर्सं झाली. सासू म्हनते तुजं नशीब, नवरा बाहेर निजतो. म्हटलं, डॉक्टर? तर म्हनाली, कोनाला दाखवू, लाज वाटते.

दोन वर्सं! नि आमी काय समजत होतो तिला.

साहेबांना एवढंच सांगितलं, पोटाचं ऑपरेशन हाय, रजा द्या नि जागा ठेवा. ठेवली त्यांनी. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात मीच नेली. डॉक्टरीनबाई म्हनाली, आत लघवीच्या पिशवीला भोक पडलंय, शिवता येतं. शिवता येतं! कुसुम माज्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. पयल्यांदा टाके टिकले नाय, दुसऱ्यांदा टिकले. सकाळी उठली तर चादर कोरडी, हात फिरवत बसली नि रडली.

आता तिला मुलगी हाय, साळंत जाते. ती सांग म्हनाली म्हनून तुमाला सांगते. देव तिला सुखी ठेवो. पन सहा महिने मी रोज तिच्या टेबलावर चहा ठेवला, श्वास रोखून, नि काय झालं गं एवढं विचारलं नाय. साहेबांनी सांगितलं नसतं तर अजून पन विचारलं नसतं.