भुरीच्या तोंडावरच्या गाठी

माझं माहेर पादऱ्याचं, बडोद्याजवळचं गाव ते. लग्न होऊन बडोद्याला आले ती थेट पाणीगेटात, आणि अजून तिथेच आहे. सासरची माणसं मूळची बडोद्याच्या महाराजांच्या फौजेतली, पण ते सगळं आजेसासऱ्यांबरोबर संपलं, आमचे हे कारखान्यात फिटर होते, आणि माझं म्हणाल तर मी पोळ्या केल्या, दांडिया बाजारात एका मराठी घरी, हात चालले तोवर केल्या. आमचे हे जाऊन खूप वर्षं झाली. आता घरात आम्ही दोघीच, मी आणि बेबी. उज्ज्वला नाव आहे तिचं, पण उज्ज्वला म्हणून हाक मारली तर ती वळून पण बघत नाही.

काय सांगू तुम्हाला बेबीचं. चाळिशी उलटली, केस पांढरे व्हायला लागले, पण समज लहान मुलीची. जन्मली तेव्हा रडलीच नाही. शाळेत घातली, बाईंनी परत पाठवली. गॅसजवळ जाऊ द्यायची नाही, एकटी रस्त्यावर सोडायची नाही, भीतीच वाटते ने, असं करत करत वर्षं गेली. बोलते, पण मोजकं, ते पण माझ्याशी. तोंडाला कोणाचा हात लागू देत नाही, माझा पण नाही, केस विंचरायचे म्हणजे अर्धी सकाळ जाते.

तिला नाद एकच, कोंबड्यांचा. आमच्या मागे छोटासा वाडा आहे, तिथे ह्यांच्या वेळेपासून दोन-चार कोंबड्या असायच्या. कापायच्या नाहीत, बेबी कापू देत नाही, अंडी तेवढी खायची. शेजारच्या नयनाबेन पक्क्या वैष्णव, कांदा-लसूण पण नाही त्यांच्याकडे, त्यांना वास यायचा, आवडायचं नाही, पण भांडल्या कधी नाहीत. फक्त आमच्या दारात पाय ठेवायच्या नाहीत. दिवाळीच्या फराळातले मठिये पण भिंतीवरून द्यायच्या.

तर झालं काय, पावसाळा सरला आणि डास फार झाले. एका सकाळी बेबी आली आणि माझ्या डोळ्याच्या कडेला बोट लावून उभी राहिली. मला कळेना. हात धरून वाड्यात घेऊन गेली, बघते तर भुरी, तिची लाडकी, भुऱ्या रंगाची म्हणून भुरी, तिच्या तुऱ्यावर, चोचीच्या कडेला, पापणीवर गाठी, मुगाएवढ्या, आणि एक डोळा सुजून बंद. मी पादऱ्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, सुईने फोड आणि राख भर, नाहीतर कापून टाक, उगाच बाकीच्यांना लागेल. फोन मोठ्या आवाजात लावला होता. बेबीने भुरीला उचललं, साडीच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला पाठ लावून बसली.

मग भुरीला कापडी पिशवीत घालून आम्ही दोघी रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरुण होती, चांगली होती, नीट समजावलं तिने. म्हणाली, मासी, ह्या देवी आहेत, कोंबड्यांना डासांनी होतात, ह्याला औषध नाही, आपोआप वाळतात, पण वरून पिकतं ते सांभाळायचं. गाठ फोडायची नाही, खपली ओढायची नाही, कोमट मिठाच्या पाण्याने पुसायचं, डोळ्यात हे थेंब घालायचे, वेगळी ठेवायची, जाळी लावायची. आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, तोंडात बघत जा, आत पिवळं दिसलं तर मग कठीण आहे.

घरी येऊन तेच केलं. पाणी उकळायचं, कोमट करायचं, मीठ घालायचं, कापसाने हळूहळू पुसायचं, पापणी उघडली की आतून दह्यासारखा पू यायचा. मी पुसायची, बेबी धरायची. आणि कशी धरायची म्हणून सांगू, पंख हाताखाली, मान दोन बोटांत, जराही दाबायची नाही. भुरी पण गप्प राहायची. बाकीच्या कोंबड्या त्यात गेल्या, एकामागून एक. नयनाबेनने भिंतीवरून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर जुनी मच्छरदाणी ठेवलेली होती, धुवून घडी घातलेली.

भुरीच्या गाठी वाळायला लागल्या आणि मला ताप आला. असा ताप की उठवेना. पडल्या पडल्या मी सांगत होते, बेबी, नयनाबेनला बोलव, आणि बेबी स्वयंपाकघरात गेली. गॅसचा लायटर वाजला. मी ओरडले पण आवाजच निघेना. थोड्या वेळाने ती पातेलं घेऊन आली, फडक्याने धरून, बोट घालून बघितलं, मीठ टाकलं, भुरीला मांडीवर घेतलं आणि एकटीने पुसलं, डोळ्यात थेंब घातले, सगळं माझ्यासारखं. मग उरलेलं कोमट पाणी घेऊन माझ्याजवळ आली आणि माझं तोंड पुसलं. जी स्वतःच्या तोंडाला हात लावू देत नाही ती. मी रडले, तापामुळे असेल.

माझा ताप उतरला. मी भुरीची चोच उघडून बघितली, तर आत पिवळं. गळ्यापर्यंत. बेबीने मऊ भात कालवून बोटाने भरवला, तो बाहेर यायचा. श्वास घेताना शिटीसारखा आवाज यायचा. दवाखान्यात परत नेली, डॉक्टरीण म्हणाली, मासी, आता त्रास देऊ नका तिला. एका सकाळी टोपलीत मान टाकून पडलेली होती. मला वाटलं आता बेबी घर डोक्यावर घेणार. काही नाही. तिने पाणी गरम केलं, तोंड पुसलं भुरीचं, आणि मला म्हणाली, मेली, पुरायला पाहिजे. आम्ही वाड्यात खड्डा केला. माती लोटून झाली, हात धुतले, आणि ती म्हणाली,

आई, तू मेलीस की मी कोणाला सांगू?

चाळीस वर्षं हाच प्रश्न मी मनात दाबून ठेवला होता आणि तिने तो सरळ विचारला, आज भाजी काय आहे विचारावं तसा. मी म्हटलं, नयनाबेनला सांग. तोंडात आलं ते बोलले. मग तिला घेऊन त्यांच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं. नयनाबेन ऐकत होत्या, उंबऱ्याच्या बाहेर आल्या, बेबीचा हात धरला आणि म्हणाल्या, आवजे बेटा, माझ्याकडे यायचं.

आता ती रोज सकाळी जाते. कडी वाजवते, त्या उघडतात, आई जिवंत आहे, असं सांगून परत येते. लोक हसतात, हसू देत. पण नयनाबेन माझ्याच वयाच्या, गुडघे गेलेत त्यांचे, आणि त्यांचा मुलगा घर विकायचं म्हणतोय, लांब कुठे फ्लॅट घेतोय. मग ही कोणाची कडी वाजवणार. नातेवाईक आहेत, पण फोनवर आहेत. मी देवाकडे काय मागते ते कोणाला सांगत नाही, तुम्हाला सांगते, आईने मागू नये असं मागते, हिला माझ्या आधी ने, एक दिवस आधी. बाकी काही नको.

चला, पोळ्या करायच्या आहेत. जेवूनच जा तुम्ही. तुमची मुलंबाळं धडधाकट राहू देत.