वेळूची श्वासनळी

पंचफुला : गंजात मिठाच्या पाण्यात ठेवलं होतं, वरून ताट झाकलं होतं. अन आता गंज घासून पालथा ठेवला हाय. आत्याबाई, त्यातलं फोपसं कुठं गेलं?

सोजरबाई : जाईन कुठं? काल सांजच्याला शिजवलं.

पंचफुला : शिजवलं?

सोजरबाई : मंग? बाजारातून बकऱ्याचं फोपसं आनलं, मिठाच्या पान्यात टाकलं, अन बहिनीकडं गुडीहत्नूरले निंघून गेली. मी म्हनलं, सून नोकरीवाली, घाईत गेली. आपन मसाला वाटून टाकावा.

नागनाथ : चांगलं झालं होतं. कांदा जरा जास्त पडला.

पंचफुला : तुमीबी खाल्लं?

नागनाथ : दोनदा वाढून घेतलं. कबूल हाय, पंचनाम्याची जरूर नाही.

पंचफुला : ते आजच्या धड्याचं होतं. सातवीले श्वसनसंस्था शिकवायची हाय. अकरा वाजता मंडलाचे शिक्षणाधिकारी तपासणीले येऊन राह्यले.

सोजरबाई : धड्यात फोपसं कायले लागते, बाई? शाळेत चूल मांडतं का?

पंचफुला : नळीतून फुंकलं का ते कसं फुगते, हे दाखवणार होती पोरायले. मागच्या साली याच सारनं तपासणीच्या वहीत काय लिहिलं, विसरले का तुमी सारे? 'शिक्षिका पुस्तक वाचून दाखवतात.' एवढीच एक ओळ. मी मराठीची बाई. विज्ञानाचे गुरुजी बदली होऊन गेले अन त्यांचे धडे माह्यावर पडले. वर्षभर ती ओळ डोक्यातून गेली नाही. आज परत तेच लिहिलं त मी कोणत्या तोंडानं वर्गात जाऊ?

नागनाथ : सायकल काढतो. इचोड्याहून दुसरं आणतो.

पंचफुला : आज सोमवार. खाटीक काल बाजार करून घरी गेला.

सोजरबाई : मले सांगून जाचं होतं, पोरी. आपल्या घरात फोपसं शिजवासाठीच येते, मले काय ठाव... थांब. थांब जराशी.

पंचफुला : पाहा, आला खोकला. बसा खाली. पहाटपासून त्या चुलीत तोंड घालून राह्यल्या तुमी. दोन वर्षं नंबर लावून गॅस आणला, अन त्यावर जुन्या लुगड्याचं फडकं टाकून ठेवलं.

सोजरबाई : त्याच्यावरची भाकर मले गोड नाई लागत. अन ते सापावानी फुस करते. माही फुंकनी बरी, माहं आयकते. तू माह्या खोकल्याचं सोड, तुह्या धड्याचं पाह्य. पुस्तकात दुसरं काईच नाई का?

पंचफुला : एक चित्र हाय. बाटलीचा तळ कापायचा, तोंडातून नळी आत घालायची, नळीले फुगा बांधायचा. तळाले रबराचा पडदा. पण नळी काचेची पायजे, दोन फाट्यांची. ते इथं नेरडीगोंड्यात कुठं भेटणार?

नागनाथ : बाटली ढाब्यावरून आणतो, ते सोड्याच्या मोठ्या बाटल्या फेकतेत. फुगे किराणावाल्याकडं. नळीचं तेवढं माह्या दफ्तरात नाही.

सोजरबाई : नळी माह्या हातात हाय.

पंचफुला : ही? ही त तुमची फुंकणी, आत्याबाई.

सोजरबाई : वेळूची हाय, बोटाएवढी जाड. बाटलीत जाईन. फट राह्यली त कनीक लावू. जा रे नागनाथ, उभा काऊन? खाल्लेलं काम करून फेड.

(थोड्या वेळानं. बाटली कापून झाली आहे, फुगा बांधून झाला आहे, मोठा फुगा चिरून तळाशी ताणून बसवला आहे.)

पंचफुला : आता मी वरून फुंकते. पाहा, फुगला. असं सांगीन. हवा आत भरते, म्हणून फुप्फुस फुगते, म्हणून छाती वर येते.

सोजरबाई : उलटं सांगून राह्यली तू.

पंचफुला : काय उलटं?

सोजरबाई : तुह्या नाकात कोन फुंकते? झोपलेल्या मानसाच्या तोंडाशी कोनी फुंकनी धरून बसते का? मी जलमभर बकरे कापलेले पाह्यले. फोपशात काई दम नसते, नुसतं मऊ. ते सोताहून काई करत नाई. त्याच्याखाली एक पडदा असते, चिवट. अन बरगड्या. काम ते करतेत.

नागनाथ : माय, तू कधीपासून डॉक्टर झाली?

सोजरबाई : लहानपनी इळे पाजवाले लोहाराकडं जात होती मी. त्याचा भाता मलेच ओढा लागे. भाता उघडला का हवा आपोआप आत येते. आत कोनी ढकलत नाई. दाबला का भाईर. तू फुंकू नको. तो खालचा रबर ओढ.

पंचफुला : ओढते... अवो. फुगला. मी फुंकलंच नाही.

नागनाथ : सोड. हं, बसला. परत ओढ.

पंचफुला : आता कळलं. पुस्तकात पडदा खाली सरकतो असं लिहिलं हाय, मी ते नुसतं पाठ केलं होतं. आधी जागा होते, मग हवा येते.

सोजरबाई : अन आत जाऊन ते हवा करते काय?

पंचफुला : श्वासनळीले दोन फांद्या, त्यांना डहाळ्या, अन शेवटी राईच्या दाण्याहून बारीक फुगे. कोटींनी असतेत. प्रत्येकाभोवती रक्ताची जाळी. रक्त चांगली हवा घेते, वापरलेली परत देते. घेतलेली साऱ्या अंगाले पुरवते.

सोजरबाई : एवढ्याशा जागेत कोटींनी. बरं. हे बाटली सायकलवर नेशीन त कनीक निंघून जाईन. मी हातात धरून येते. दारापर्यंत. आत नाई येत.

(संध्याकाळी. नागनाथ कचेरीतून परतला आहे.)

नागनाथ : बोला आता. तपासणीचा निकाल काय?

पंचफुला : आत्याबाईलेच विचारा.

सोजरबाई : मी कुठं काय केलं? मी दारात उभी होती. त्या सारनं म्हनलं, अम्मा, अंदर आव. मले वाटलं दुसऱ्या कोनाले म्हनून राह्यले. शाळेच्या दारातून आत मी आजवर पाय नवता टाकला, नागनाथ. लहान होतो तवा आमाले मळ्यावर धाडत. तुह्या दाखल्यालेबी तुहा बापच आला होता. एका पोरीनं खुर्ची देली. मी खालीच बसली.

पंचफुला : पहिलाच सवाल एका पोरीचा. 'बाई, फुप्फुस एकच काऊन हाय? चित्रात त दोन हायेत.' मी काही बोलायच्या आत यांनी सांगून टाकलं.

सोजरबाई : म्हनलं, होतं नं, पन माह्या पोरानं खाल्लं.

नागनाथ : सातवीच्या वर्गात?

पंचफुला : सारबी हसले. मग त्यांनी विचारलं, हवा येते म्हणून छाती फुगते, का छाती फुगते म्हणून हवा येते? सारा वर्ग माह्याकडं पाहायले लागला. आत्याबाई नसत्या त मीच चुकीचं शिकवलं असतं, अन पोरायनं तेच सांगितलं असतं. मी रबर ओढला, फुगा फुगला, अन लोहाराचा भाता सांगितला. मग पोरायनं आपापल्या बरगड्यांवर हात ठेवून पाह्यलं. सार म्हणाले, आमच्या तेलुगूत फुप्फुसाले ऊपिरितित्ती म्हणतात, अन लोहाराच्या भात्यालेबी तित्तीच म्हणतात. एवढे दिवस बोलत होतो, कधी ध्यानात नाही आलं.

नागनाथ : अन वहीत काय लिहिलं?

पंचफुला : 'शिक्षिकेनं पुस्तक उघडलं नाही.'

नागनाथ : हे चांगलं का वाईट?

पंचफुला : चांगलं, हो. मी तीनदा वाचलं. घंटा होईपर्यंत डोळे पुसत होती मी. बाटली शाळेच्या कपाटात ठेवा म्हणाले, बाकीच्या शाळायच्या बाया पाहायले येतील.

नागनाथ : मग फुंकणी?

पंचफुला : ते कपाटातच हाय. मी काढणार होती. यांनीच काढू नाही देली.

नागनाथ : माय, तू? त्या फुंकणीले त तू मलेबी हात लावू देत नव्हती.

सोजरबाई : एका पोरीनं विचारलं.

नागनाथ : काय विचारलं?

सोजरबाई : तू सांग, पंचफुला.

पंचफुला : शेवटच्या बाकावरची होती. म्हणाली, 'बाई, ही श्वासनळी आतून काळी काऊन हाय?' मी सांगितलं, धुरानं. मग ती म्हणाली, 'माणसाच्या आतली खरी श्वासनळीबी काळी होते का?' मी म्हटलं, हो. मी आत्याबाईकडं पाह्यलं नाही.

सोजरबाई : मी पाह्यत होती नं तुह्याकडं. चूल सोडा म्हनून तू आजवर शंभरदा सांगतलं, मी आयकलं नाई. सुनेचं आयकाले मानसाले जड जाते. पोरीचा काई सवार्थ नवता.

नागनाथ : उद्या परसातल्या वेळूची दुसरी करून देऊ का?

सोजरबाई : नको. ते शाळेची झाली. काढून आनली त पोरायचा धडा अडन. पंचफुला, ते फडकं काढ त्या शेगडीवरचं.

पंचफुला : आता?

सोजरबाई : भाकर कवा खाची मंग? कुठून फिरवते हे? मले दाखव. नागनाथ, तू मांगं सर.

पंचफुला : हे असं दाबायचं, असं फिरवायचं. काडी आधी पेटवा. घाबरू नका.

सोजरबाई : घाबरते कोन? लाव... लागली का? निळी दिसते. थांब, जराशी मंद वाटते.

पंचफुला : अवो आत्याबाई, फुंकू नका. याले फुंकायची गरज नसते.

सोजरबाई : मंग या एवढ्या श्वासाचं मी करू काय?